ताईचं मीठपाणी

माझ्या नणंदेला नाव ठेवायला जागा नाही, हीच माझी तिच्याबद्दलची सगळ्यात जुनी तक्रार आहे. बायका आपापल्या नणंदांची गाऱ्हाणी सांगायला लागल्या की मी गप्प बसते. कुणाची नणंद चहाड्या करते, कुणाची आल्या आल्या फडताळं उघडून बघते, कुणाची एकदा आली की महिनाभर हलत नाही. माझी नणंद यातलं काही म्हणजे काही करत नाही. ती आली की चपला जुळवून ठेवते, बसायच्या आधी "काही करायचंय का गं?" असं विचारते आणि निघताना स्वतःचा कप विसळून पालथा घालते. अशा बाईवर जळायचं म्हणजे फार कष्टाचं काम आहे. मी ते एकोणीस वर्षं नेटानं केलं.

आम्ही दोघंही तिला ताईच म्हणतो. माझ्या नवऱ्याहून ती आठ वर्षांनी मोठी. त्यांची आई लवकर गेली. वडील इस्पितळाच्या धुलाईघरात वाफेच्या रोलरवर होते. ओली चादर एका बाजूनं आत सारायची आणि दुसऱ्या बाजूनं कडक होऊन आली की ओढून घ्यायची, हे त्यांचं काम. एका दुपारी चादर ओढता ओढता त्यांचं तोंड वाकडं झालं, चादर हातातून सुटली आणि ते तिथेच गेले. वय एकावन्न. ताई तेव्हा सतरा वर्षांची होती. पंधरा दिवसांत ती त्याच रोलरच्या त्याच बाजूला उभी राहिली आणि नऊ वर्षांच्या भावाला तिनं वाढवलं. लग्नाआधी मला हे कुणीतरी सांगितलं तेव्हा मी ऐकून रडले होते. या गोष्टीशी आपल्याला जन्मभर टक्कर द्यायची आहे, हे तेव्हा कुठे माहीत होतं!

ताई उंच आणि हाडापेरानं मोठी. तोंड कायम तांबूस. ते वाफेमुळे, असं सगळेच म्हणत. हात कोपरापर्यंत गुळगुळीत, एक केस नाही. हाताला काहीही लागलं की ती त्याची घडी घालते. बसचं तिकीट, औषधाची चिठ्ठी, दुकानातली पिशवी, सगळं कोपऱ्याला कोपरा जुळवून. मोठी चादर ती हनुवटीखाली धरून एकटी दुमडते आणि तिची घडी पाहून कुणाच्या हातची आहे ते धुलाईघरातलं कुणीही सांगेल. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, "अर्ध्या गावाची अंथरुणं बघून झालीत माझी. आता कुणावर भाळू?"

माझा नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करतो. दुकान बंद केलं की तो धुलाईघरावर जायचा, ताईचं काम आटोपेपर्यंत आत बाकावर बसायचा, तिला तिच्या खोलीपर्यंत सोडायचा आणि मग घरी यायचा. रोज. चाळिशीला आलेल्या या माणसाला ती छोट्या म्हणायची. त्याचे शर्टही तीच धुलाईघरात इस्त्री करून द्यायची. एकदा मी तिच्या घड्या मोडून, पाणी मारून, पाचही शर्टांना स्वतः इस्त्री केली. एका बाहीवर दोन रेघा उमटल्या. त्यानं शर्ट घातला, बाही बघितली आणि काळजीनं म्हणाला, "ताईला बरं नाही की काय?" त्या दिवशी माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.  

दोघांची शिंक सारखी, हसताना मान मागे टाकण्याची लकब सारखी, पायाची करंगळी सारखीच वाकडी. मी शेजारी बसलेली असायची आणि ती दोघं शब्दही न बोलता एकदम हसायची. मी विचारलं की "काही नाही गं" म्हणायची. त्या "काही नाही"मध्ये माझी कितीतरी वर्षं गेली.

नवरा एकोणचाळिसाचा असताना एका मशीनवर वाकला आणि त्याला चक्कर आली. दवाखान्यात डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून बीपी मोजलं. एकशे सत्तर आणि एकशे दहा. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, मीठ जवळजवळ बंद करायला सांगितलं आणि पथ्याचा कागद माझ्या हातात ठेवला. माझ्या हातात. आता सांगायला लाज वाटते, पण घाबरण्याच्या आधी मला बरं वाटलं होतं. माझ्या नवऱ्याचं एवढं मोठं काहीतरी पहिल्यांदाच फक्त मला माहीत होतं आणि ताईला माहीत नव्हतं.

घरी येताना मी त्याला म्हटलं, ताईला यातलं काही सांगू नका, वडील असेच गेले, ती उगाच धसका घेईल. तो लगेच कबूल झाला. ताईला त्रास होईल असं काही त्यानं कधीच केलं नसतं. माझं निमित्त चांगलं होतं आणि अर्धं खरंही होतं.

मग मी कंबर कसली. स्वयंपाकातलं मीठ बंद. पावही बिनमिठाचा, घरी भाजलेला. एका घरात दोन चवी नकोत म्हणून मीही तेच खायला लागले. पहिले पंधरा दिवस जेवण ओल्या पुठ्ठ्यासारखं लागलं. महिन्याभरात उकडलेल्या बटाट्याला स्वतःची गोडी असते हे कळलं, आणि सहा महिन्यांत जीभ अशी झाली की बाहेरचं बिस्किट तोंडात टाकलं तरी त्यातलं मीठ झोंबायचं. नवरा निमूटपणे खायचा. कधी कुरकुर नाही. मला वाटायचं, ताईनं त्याला वाढवलं असेल, पण जगवते मी आहे.

बीपी मात्र उतरेना. डॉक्टरांनी दोनदा गोळी वाढवली. बाहेर काही खाता का, असं खोदून खोदून विचारलं. नवरा शपथेवर नाही म्हणाला. मी त्याचे खिसे तपासले, दुकानातला खण उचकला. काही सापडलं नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण कुठे ते कळत नव्हतं.

दोन वर्षांनी एकदा डॉक्टरांनी मला शेजारच्या खोलीत पाठवलं. नवरा तेव्हा बाहेर रांगेत होता. आत एक तरुण डॉक्टरीण बसली होती, ती रक्तावर संशोधन करत होती. तिनं मला सोप्या भाषेत समजावलं. रक्तातल्या प्रत्येक तांबड्या पेशीच्या भिंतीला बारीक दारं असतात आणि त्यातून मिठाची ये-जा चालते. काही घराण्यांत ती ये-जा जन्मापासूनच जास्त वेगानं होते आणि अशा लोकांत बीपीचा त्रास जास्त आढळतो. सगळ्यांनाच होतो असं नाही, पण जास्त आढळतो. आईबापांकडून हे मुलांत कसं येतं ते तिला शोधायचं होतं, म्हणून तिला रुग्णाबरोबर सख्खी भावंडं हवी होती. भावंडांचं बीपीही तपासून होईल, तेही महत्त्वाचं आहे, असं ती दोनदा म्हणाली. मग ताईसाठी चिठ्ठी लिहून, तारीख घालून, घडी करून तिनं माझ्याकडे दिली.

मी ती घरी आणली आणि चमच्यांच्या खणात, तळाला अंथरलेल्या कागदाखाली सरकवली. उद्या देऊ, असं स्वतःला सांगितलं. खरं काय होतं ते सांगते. इतकी वर्षं मी त्यांच्या रक्ताच्या नात्याबाहेर उभी होते. आता एक शिकलेली बाई ते नातं नळीत भरून, मोजून, कागदावर लिहून देणार होती. मला ते नको होतं. चमचा काढताना रोज आठवण व्हायची आणि रोज मी खण लोटून द्यायची.

चिठ्ठी खणात गेल्यावर चौथ्या महिन्यात ताई माझ्या दुकानात आली. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. ताई म्हणाली, उजव्या डोळ्यासमोर करडा डाग दिसतोय, पुसला तरी जात नाही. मालक बाहेर गेले होते. मी तिचा चष्मा घेतला, काच उजेडाकडे धरली आणि म्हटलं, काच घासली गेलीय, बदलून देते. ती म्हणाली बरं. डाग काचेवर असेल तर चष्मा काढल्यावर दिसत नाही; 'काढल्यावर दिसतो का?' हे विचारण्याइतकी अक्कल मला त्या दुकानात बसून नक्कीच आली होती. मी विचारलं नाही. तिच्याशी जास्त बोलावं लागू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सातव्या महिन्यात नवऱ्याच्या नाकातून रक्त आलं आणि ते थांबेना. दवाखान्यात बीपी दोनशेच्या घरात निघालं. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "बहिणीला आणा म्हणून सांगितलं होतं ना? ती का आली नाही?" नवरा आतल्या खोलीत कापूस धरून पडला होता, त्याला हे ऐकू गेलं नाही. मी म्हटलं, आणते. तिथून घरी गेले, खणातली चिठ्ठी काढली आणि धुलाईघराकडे निघाले. एकोणीस वर्षांत तिथे मी पहिल्यांदा गेले.

आत पाऊल टाकलं तशी गरम हवा अंगावर आली. छताला पाइप, भिंतींवर पाण्याचे ओघळ, मधोमध तो रोलर आणि त्यातून एकामागून एक येणाऱ्या पांढऱ्या चादरी. ताई मला बघून चकित झाली. तिनं बाकावरचं कापड बाजूला केलं, मला बसवलं आणि कोपऱ्यातल्या पिंपाच्या तोटीखाली ग्लास धरून भरून दिला. मला चालून तहान लागली होती. मी मोठा घोट घेतला.

तो मला गिळवेना. अडीच वर्षं मिठाशिवाय काढलेली माझी जीभ नुसती पेटली. शेजारची बाई हसली आणि म्हणाली, पहिल्यांदा पिणाऱ्याचं असंच होतं. तिनंच सांगितलं की वाफेत घाम फार जातो, माणसं भोवळ येऊन पडतात, म्हणून सकाळी पिंपात मीठ टाकायची इथली जुनी रीत आहे. ताईची मूठ. ताईच्या वडिलांच्या वेळी त्यांची मूठ होती.

मी ताईला विचारलं, ते रोज इथे बसतात तेव्हा हे पितात?

"दोन ग्लास. लहानपणापासून," ती म्हणाली. "शाळा सुटली की इथेच यायचा ना. दमून आला की मी आधी हेच देते, तरतरी येते."

सापडलं. आधी हाच शब्द मनात आला आणि सगळ्या अंगात एक आनंद उठला. बिनचूक ताईची चूक मला सापडली होती. मी इकडे चिमटी चिमटी तोडत होते आणि ती तिकडे मूठभर घालत होती. नवराही खोटं बोलला नव्हता. धुलाईघरात वाढलेल्या माणसांच्या लेखी मीठ म्हणजे जेवणात घालतात ते. पिंपातलं पाणी म्हणजे घामावरचा उतारा, ते खाण्यात धरतच नाहीत. मी ग्लास बाकावर आपटला आणि त्याच्या बीपीचं, चकरांचं, आज आलेल्या रक्ताचं, सगळं तिच्या तोंडावर फेकलं.

ताईच्या हातातली चादर तशीच राहिली. मग ती हळूच म्हणाली, "छोट्याला बीपी आहे? मला कुणी सांगितलं कसं नाही?"

 मी चिठ्ठी पुढे केली. तिनं ती उघडली नाही. घडीवरून अंगठा फिरवला, एकदा या कडेवरून आणि एकदा त्या, आणि खिशात ठेवली. मग तिनं पिंपाची खालची तोटी सोडून दिली आणि सगळं पाणी मोरीत जाईपर्यंत तिथे उभी राहिली.

दवाखान्यात तिचं बीपी मोजलं, तर ते भावापेक्षाही वर. तांबूस तोंडाचं कारण फक्त वाफ नसावं, असं डॉक्टर म्हणाले. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलं होतं आणि मधली नजर गेली होती. डाग दिसला त्याच दिवशी यायला हवं होतं, तेव्हा काही करता आलं असतं, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. ताई शांतपणे ऐकत होती. चष्मा बदलून पाहिला, एवढंच म्हणाली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

डॉक्टरिणीनं दोघांचं रक्त घेतलं. मग तिला आणखी एक माणूस हवं झालं. त्याच घरातलं, त्याच चुलीवरचं खाणारं, पण रक्ताचं नसलेलं. मी दंड पुढे केला. सुई टोचली तेव्हाही मला बरं वाटलं. निदान एका कागदावर तिघांची ओळ एकाखाली एक येणार होती.

महिन्याभरानं निकाल कळला. भावाबहिणीच्या पेशींतली मिठाची ये-जा जवळजवळ एकाच वेगाची, नेहमीपेक्षा बरीच जास्त. माझी अगदी सर्वसाधारण. डॉक्टरीण मला म्हणाली, तुम्हाला एवढं कडक पथ्य पाळायची गरज नव्हती, बेतानं मीठ खा. आणि ती दोघं? त्यांनी एकमेकांचे आकडे बघितले, मान मागे टाकली आणि हसली. नवरा म्हणाला, "बाबांचं एवढं तरी आपल्या वाट्याला आलं." ज्या रोगानं बाप नेला आणि बहिणीचा डोळा खाल्ला, त्या रोगाचाही मला हेवा वाटला. असली मी.

तेव्हापासून ताई संध्याकाळी आमच्याकडे जेवायला येते. डॉक्टरांनी बिनमिठाचं सांगितलं आहे आणि ते शिजवता मलाच येतं. नवरा आता धुलाईघरात बसत नाही, दारातूनच तिला घेऊन येतो. पिंप अजून आहे, घाम येणाऱ्यांना ते लागतं. पण आता मूठ नाही, मोजलेला चमचा आहे, आणि बीपीवाल्यांसाठी शेजारी साध्या पाण्याचं दुसरं पिंप आहे. दोघांच्या गोळ्या लागू पडल्या आहेत. दोघांचं बीपी मीच मोजते.

पहिल्याच आठवड्यात ती स्वयंपाकघरात माझ्याशेजारी बटाटे सोलत होती. नवरा बाहेर होता. ती सुरीवरची नजर न हलवता म्हणाली, "त्या चिठ्ठीची घडी जुनी होती. तू हातात दिलीस तेव्हाच कळलं. ताज्या घडीची कड बोटाला लागते, ती पार बसून गेली होती."

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं.

"तारीख मग घरी जाऊन वाचली. तेवढं एका डोळ्यानं दिसतं मला."

माफी मागायला मी तोंड उघडलं. तिनं सोललेला बटाटा माझ्या पातेल्यात टाकला आणि म्हणाली, "छोट्याला सांगू नकोस. तो रागावला की ताटावरून उठतो. त्याला जगायचं असेल तर तुझ्या हातचंच जेवायला हवं."

मी रडायला लागले. त्या रडण्यात पश्चात्ताप होता, नाही असं नाही. पण तेवढाच नव्हता. ती एकदा तरी ओरडली असती, मला नाही नाही ते बोलली असती, तर आम्ही दोघी एका पातळीवर आलो असतो. डोळा तिचा गेला, आणि माफ करण्याचा मोठेपणाही तिनंच घेतला. मला जळण्याखेरीज काहीच उरलं नाही.

जेवायला बसलो. तिघांच्या ताटल्यांत तेच बटाटे, तीच भाजी. ताईनं फडताळातून मीठदाणी आणली. ती कुठे असते हे तिला नेमकं माहीत होतं. ती माझ्या ताटलीशेजारी ठेवून म्हणाली, "तू घे. तुला चालतं."

नवरा म्हणाला, हो ना, उगाच कशाला हाल करून घेतेस? मी ताईच्या तोंडाकडे बघितलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिला नाव ठेवायला जागा सापडेल असं वाटलं. हे टोचून बोलणं असेल, तर आमची फिटंफाट होणार होती. पण एक डोळा माझ्याकडे नीट बघत होता, दुसरा बघू शकत नव्हता, आणि दोन्हींत मला काहीच सापडलं नाही. तिला खरंच वाटत होतं की मी चवीनं जेवावं.

मी मीठदाणी उचलून परत फडताळात ठेवली आणि त्यांच्यासारखंच जेवले. अजून तसंच जेवते.